सात सेकंद

डकारहून आलेल्या त्या पोरानं शिकवलं:
माणूस सात सेकंदांत माणसाला तोलून मोकळा होतो.
हात घट्ट धरायचा, आवळायचा नाही.
डोळ्यांत बघायचं, रोखून नाही.
आवाज पोटातून. पाठ ताठ.
आणि पहिलं वाक्य असं
की समोरच्यानं हातातलं पेन खाली ठेवावं.

ते वाक्य मी तीन दिवस मासे उलटताना घोकलं.
सेंट-लुईच्या वाळूत, काठ्यांच्या मांडवांवर,
पालथे होते ते उताणे, उताणे होते ते पालथे,
आणि दर ओळीला एकदा:
"महोदय, आमचा निम्मा माल बर्फावाचून सडतो."
सिरामावशी म्हणाली,
माशांना पाठ झालं गं, पेन्दा,
तू जाणार कधी?

मंगळवारी गेले.
हात लिंबानं घासले, मग साबणानं, मग पुन्हा लिंबानं,
तरी नखांच्या कडेला समुद्र होताच.
निळा झगा, इस्त्री इतकी कडक
की बसले असते तर मोडले असते.
मावशी रोजच्याच कपड्यांत,
खांद्यावर एक खवलं चिकटलेलं, चमकत होतं.
तिला न्यायचं नव्हतं मला.
ती आलीच.

दारावर पितळी पाटी: न्जाय.
एक. हात पुढे केला.
दोन. डोळे.
तीन. तोंड उघडलं,
आणि माझ्या खांद्यावरून तिचा आवाज आत शिरला:
सलाम आलेकुम, न्जाय!
आलेकुम सलाम.
न्जाय, न्जाय. घर कसं आहे?
तिथंच आहे.
घरची माणसं?
तिथंच आहेत.
लेकरं?
तिथंच, देवाची कृपा.
अंगात बळ?
शांतीच आहे.
हा वारा, ही धूळ, सोसवते ना?
शांतीच.
आणि आई?

इथं साहेब थांबले.
केवढंसं? सुईत दोरा ओवावा एवढंच.
मग म्हणाले, शांतीच आहे.

माझे सेकंद दोनशेच्या पुढे गेले होते,
मी मोजणं सोडून दिलं.

आता त्यांची पाळी.
तुमचं आडनाव, बाई?
जॉप.
जॉप! म्हणजे भाताच्या पातेल्यात हात घालूनच जन्मलेले!
मावशीनं कंबरेवर हात ठेवले.
न्जायांनी बोलावं हे?
तुमच्या आजोबांनी आमच्याकडे इतका भात हादडला
की त्याचे ढेकर अजून या बँकेत घुमतायत.
दाराशी उभा शिपाई तोंड फिरवून हसला.
जॉपांनी न्जायांना, न्जायांनी जॉपांना
काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही,
पिढ्यांचा करार आहे हा,
ज्यावर कुणाचीच सही नाही.

मग खोली एकदम गप्प झाली,
दोघंही माझ्याकडे बघू लागली.
वाक्य आठवेना.
माशांना आठवलं असतं.
मी म्हटलं, बर्फ हवाय.
किती?
रोज चाळीस टोपल्या भिजतील एवढा.

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. उचललं.
काहीतरी लिहिलं, खोडलं,
दोन कागद कमी आहेत म्हणाले,
गुरुवारी या.

पुलावर मी भांडले तिच्याशी.
माझे सात सेकंद खाल्लेस तू!
भातासारखे!
ती कठड्याला धरून चालत होती, गुडघा दुखतो तिचा.
म्हणाली, त्याची आई बरी नाही.
कशावरून?
पण ती तोवर पेरूवाल्याला विचारत होती
त्याचं घर, त्याची लेकरं,
आणि पेरूचा भाव अजून दूर होता.

बुधवारी रात्री दोन्ही कागद सापडले,
एक पत्र्याच्या पेटीत, एक उशीखाली.
झेरॉक्स काढली, फायलीत लावले.
मावशीनं एक मोठा मासा वेगळा काढला,
मीठ न लावता वाफवला,
दिव्याजवळ बसून काटा न् काटा वेचला,
आजारी माणसाला झेपेल असा,
फडक्यात बांधला,
आणि माझ्या फायलीवर ठेवून दिला.

वास लागेल, मावशी.

लागू दे.