एक टक्का

पेटीसोबत आलेला जर्मन कागद म्हणतो :
हवेत प्राणवायू एकवीस टक्के.
खोटं नाही. एल आल्तोतही एकवीसच,
फक्त इथे हवाच कमी,
पाणी घातलेल्या दुधालाही
साय येते म्हणायला, तशी.
परदेशी पाहुणे पहिल्या जिन्यालाच भिंत धरतात,
आणि एउसेबिया तिकोना दोन बादल्या घेऊन
त्यांच्या शेजारून वर जाते.

पेटीत मात्र एक टक्का.
तो आकडा ती रात्रभर राखते,
नायट्रोजनच्या सिलेंडरची चावी पाव वळसा फिरवून,
चुलीवरचं दूध राखावं तसा.

आत मूळपेशी. विआचाच्या कुण्या बाईच्या
मोडक्या खुब्यातून आलेल्या; नाव नाही, एकशे चौदा क्रमांक.
हाड होतील, कूर्चा होतील, चरबी होतील,
किंवा यातलं काहीच नाही, अजून तरी.
भोवती हाड होण्याचं सगळं आमंत्रण ओतून ठेवलंय.
एक टक्क्यात त्या जागच्या हलत नाहीत.

डॉक्टर लिदिया कायिसाया कोकाच्या पानांचा चहा फुंकत सांगते :
प्रत्येक पेशीत एक निरोप्या असतो.
हवा मुबलक असली की तो जन्मतो आणि मारला जातो,
पाच मिनिटं, फार तर दहा.
आधी अंगावर खूण, मग तुकडे.
हवा आटली, की खूण करणाऱ्या हातालाच
प्राणवायू पुरत नाही.
मग निरोप्या जगतो,
केंद्रकापर्यंत चालत जातो,
जनुकांच्या दारांवर थापा मारतो :
साखरेवर भागवा.
रक्ताला नव्या वाटा काढा.
आणि तू, हाड व्हायला निघालेल्या, तू पडून राहा.

"हे मला माहीत होतं," एउसेबिया म्हणते.
"कुठून?"
ती बादली उचलते.

बापाचं रक्त इतकं दाट झालं होतं
की खाणीचा दवाखाना दर महिन्याला
अर्धा लिटर काढून मोरीत ओतायचा.
खाली उतरा, डॉक्टर म्हणाले, सखल गावी, जगाल.
हाडाचा खाणकामगार तो. म्हणाला,
"खाली उतरून मी कोण?"
भाऊ उतरला. सांता क्रूसमध्ये
तो फरशीवाला झाला, नवरा झाला, जाडा झाला,
तीन वर्षांत तीन गोष्टी.
ही चौतीसची. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात
दर वेळी वेगळं काहीतरी लिहिते.

ऑगस्टात रस्ते अडवले गेले. दगड, टायर,
आडवे लावलेले ट्रक; त्यांच्या मागे कुठेतरी
नायट्रोजनचाही एक.
नवव्या रात्री सिलेंडरचा काटा शून्यावर बसला.
एक. चार. अकरा.
ती पेटीला पाठ टेकून उभी राहिली,
जणू दार दाबून धरलं तर हवा ऐकेल.
वीस.

आत निरोपे मरत होते. आवाज नाही.

रस्ते उघडायला आणखी एकवीस दिवस गेले.
लिदियाने थाळीत रंगाचे थेंब सोडले,
धुतले, आणि कुणी काही बोललं नाही :
लाल, कडांना गडद, मधे खडे.
हाड.
वहीत तिने लिहिलं, "वाया."

थाळी टाकायला नेताना
एउसेबियाने एक खडा सुईने टोचून पाहिला.
लागला. विआचाची बाई आता कशी चालत असेल,
असं काहीसं तिच्या मनात आलं,
आणि सुईचं टोक वाकलं म्हणून ती चिडली.

नवा सिलेंडर दोघांनी दम खात वर चढवला.
नव्या पेशी, क्रमांक एकशे एकोणीस.
चावी, पाव वळसा.
वीस. अकरा. चार.
फोन वाजतो. भाऊच असणार,
मागे त्याचा पंखा घरघरत असणार,
आणि तोच प्रश्न, कधी उतरतेस.
ती काचेतून आत बघत राहते.
दोन.
हात ओले आहेत. आधी पुसायला हवेत.