हेमांगीस, आचऱ्याला जाण्याआधी

तारीख ठरवताना कॅलेंडर नको, पंचांग बघ.
अष्टमी-नवमीचा भांग धर.
उधाणात हॉल रिकामा राहतो
आणि आपण अहवालात लिहितो : प्रतिसाद कमी.

लिलाव साडेदहाला संपतो,
अकराच्या आधी उभी राहू नकोस.
पाट्या दाराशी उपड्या घालून बायका आत येतील.
हात धुतलेले असले तरी मार्करच्या टोपणाला
एखादं खवलं चिकटतंच.
माझ्या पाकिटात अजून एक आहे.

रंगीत चिठ्ठ्या पंख्याने उडतात.
पहिल्या दिवशी मी अर्धा तास त्यांच्यामागे धावले,
सगळ्या पोट धरून हसल्या,
ओळखीचा खेळ तोच झाला,
मी आखून नेलेला तसाच पिशवीत राहिला.
दुसऱ्या दिवशी टेबलावर कुणीतरी
जाळ्याची शिसं आणून ठेवली होती. मोजून चाळीस.

खुर्च्या गोल मांड.
चहानंतर त्या रांगेत गेलेल्या असतील.
पुन्हा गोल मांड.
चेअरमन मिठबावकर बरोबर पंख्याखाली बसतात
आणि सगळ्यांच्या वतीने उत्तर देतात.
त्यांच्या हातात घड्याळ दे.
वेळ राखणारा माणूस काट्याकडे बघतो,
तेवढा वेळ दुसरं कुणी बोलतं.

दोघं फोनवर असतील :
मस्कतहून दिलावर होडेकर, रत्नागिरीहून हिशेब बघणारी तन्वी.
फोनला स्वतंत्र खुर्ची दे, खाली बिस्किटांचा डबा.
चहा आला की त्या खुर्चीपुढेही एक कप ठेव.
वेडेपणा वाटेल,
पण मग तिथे माणसं बसलीत हे कुणी विसरत नाही.
प्रश्न आधी त्यांना विचार.
रेंज खाडीवरून येते आणि
येते तशीच जाते, न सांगता.

प्रश्न विचारल्यावर मनात अकरापर्यंत मोज.
मी सातलाच बोलून टाकायचे.

आता जे अहवालात नाही ते.

शेवंती खवणेकर दोन दिवस भिंतीला टेकून होती.
चिठ्ठी कोरी, मार्कर बंद.
दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या नळावर
ती कप विसळत होती, मी पुसत होते.
वर न बघता म्हणाली,
“बर्फाचो काटो लादीमागे दोन किलो मारता, बाये.
सगळ्यांका म्हायती आसा.”

दोन दिवसांचे सगळे तक्ते,
समस्यांचं झाड, त्याची मुळं, त्याच्या फांद्या,
आणि हे दोन किलो त्यात कुठेच नव्हते.
मी ओल्या हातांनी आत धावले
आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : वजनकाटा.
किती आनंद झाला होता मला.

मिठबावकरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.
काटा त्यांच्या पुतण्याचा.
“ह्या कोणी सांगल्यान?”
मी अकरापर्यंत मोजलं. पुढेही मोजलं.
फोनमधून दिलावरचा आवाज आला,
“काय झालं? ऐकू येत नाही इकडे.”
कुणीच काही बोलत नव्हतं, हे त्याला कसं सांगायचं.
शेवंती दारातून पाटी उचलून गेली.
समारोपाच्या फोटोत ती नाही.

म्हणून तू जातेस.
मी गेले तर त्या मला चहा देतील, बाकी काही नाही.

फळा पहिल्या दिवशी नेऊच नकोस.
तिच्या घरी जाऊ नकोस, सगळं गाव बघतं.
नळाला पाणी दुपारी तीनला येतं,
कप चौदा आहेत, फोनपुढचा धरून पंधरा.
ती आलीच तर
तू विसळ, तिला पुसू दे.
आणि हेमांगी,
हात कोरडे करायची घाई करू नकोस.