खुर्चीच्या पोटाखालून

इतिहास वाचायचा तर आडवं व्हावं लागतं,
निदान वाळकेश्वरच्या या महालात तरी.
पाठीखाली जुनं वर्तमानपत्र, दातांत टॉर्च,
वर शिसवी खुर्चीचं पोट.

पहिला आकडा मोडीत, काळ्या शाईचा.
जामदारखान्यातला कुणी कारकून
लांब शेपटी ओढता ओढता थबकलाय,
राजेसाहेबांनी मध्येच हाक मारावी तसा.
त्यावर पांढरा ऑइलपेंट, बांधकाम खात्याचा,
विलीनीकरणानंतरच्या वर्षातला.
गादी गेली, गाद्या राहिल्या.
पुढे राष्ट्रपती मुंबईत आले की इथंच उतरत,
दोन रात्री, फार तर तीन.
त्यासाठी न्हाणीघरात गीझर बसला,
सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणी बंद झालं,
आणि दरबाराच्या दारावर पाटी लागली:
सभाकक्ष क्र. १.

तिसरा आकडा माझा.
आधी पेन्सिलीनं, मग लाल रंगात, बारीक ब्रशनं:
दा. ३ / ११७.
खारा वारा सात खातो.
मी पुन्हा सात काढते.

दालन तीनमध्ये ही शेवटची वस्तू.
त्याआधी राणीसाहेबांचा पानाचा डबा,
आत अजून कात चिकटलेला.
कुणा राष्ट्रपतींचं विसरलेलं चष्म्याचं घर,
तीन पत्रं गेली, उत्तर नाही.
आणि पंख्याची दोरी,
जिच्या कार्डावर लिहायचं होतं: ओढणारा अज्ञात.

ओढणारा धाकू नाचणेकर होता.
माझा आजा.
दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून
झोपेतसुद्धा ओढायचा, असं बाबा सांगत.
साहेब म्हणाले, पुरावा?
मस्टरवर अंगठा आहे,
पण तो हाताचा.
वळ पडलेला दुसरा
बाणगंगेच्या स्मशानात केव्हाच गेला.
कार्ड कोरंच ठेवलंय.

दाराशी रखवालदार यमाजी बसतो ते स्टूल
कुठल्याच यादीत नाही.
फणसाचं, तीन पायांचं, बशीसारखं झिजलेलं.
काल त्याला उठवून ते उलटं केलं.
मोडी नाही, पांढरा रंग नाही,
फक्त एका पायाला
दोरी घासून घासून पडलेली खाच.

ब्रश रंगात बुडवला. ११८.
मग आठवलं,
क्रमांक आला की भोवती दोर येतो,
पाटी येते: कृपया बसू नये.

ब्रश पुसला पदरालाच.
"बसा हो यमाजी," म्हटलं,
"पाचाला अजून वेळ आहे."