क्षतीचे कारण

कुताइसीच्या प्रयोगशाळेत, टेबल क्रमांक तीनवर
उताणी पडली आहे वरच्या स्वानेतीची माउली.
फळी अक्रोडाची, रंग अंड्याच्या बलकातला,
उजव्या पायाचा अंगठा नाही.

मी फॉर्म भरते.
क्षतीचा प्रकार : झीज.
विस्तार : दोन बोटं रुंद.
क्षतीचे कारण... इथं यादी उघडते :
कीड, ओल, काजळी, आग, युद्ध, पूर्वीची दुरुस्ती.
खाली खाली सरकत गेलं की सापडतं
मानवी स्पर्श (ओठ).
खूण करते.
आठशे वर्षं एका टिचकीत मावतात.

हे काम मला आवडतं, हे आधीच सांगायला हवं होतं.
परवा क्ष-किरणांत तिच्या चेहऱ्याखाली दुसरा चेहरा निघाला,
डोळे किंचित मोठे, कुणाकडे तरी वळलेले,
आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.
किती वेळ, ठाऊक नाही.
मग झुराब आत आला, म्हणाला, थर दोन?
मी म्हणाले, थर दोन.
आणि तो थर दोन झाला.

आज ख्वारामझे आली.
नऊ तास मिनीबसनं, मांडीवर फडक्यात बांधलेलं चीज.
टेबलापासून दोन पावलांवर थांबली, हळूच विचारलं,
"रात्री हे दिवे मालवता ना गं?
तिला उजेडात झोप लागत नाही."
मी म्हटलं, रंग उडतो म्हणून आम्ही तसेही मालवतो.
"झालं तर," म्हणाली, आणि माझं शास्त्र
सुट्ट्या पैशांसारखं न मोजता खिशात टाकलं.

भोळी मुळीच नाही ती. वर्गवारी तिलाही येते :
ही तापासाठी, तो घोड्यावरचा वाटेसाठी,
दाराजवळची काळपट, ती फक्त विधवांची,
तिच्यासमोर लग्नाचं बोलायचं नसतं.
मग फरक कुठं आहे, दिवसभर शोधते आहे.
तिच्या यादीच्या शेवटी कुणीतरी बसलेलं असतं.
माझ्या यादीच्या शेवटी, 'इतर'.

निघताना म्हणाली, जरा वाकू का?
मी हातमोजे पुढं केले.
तिनं हातमोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तोंडाला ते कसे घालायचे, तिला कळेना.
नियम सांगितला. रागावली नाही.
चीज तेवढं ठेवून गेली, कुणासाठी ते न सांगता.

सहा वाजता इमारत रिकामी.
भिंग घेऊन अंगठ्याच्या जागेवर वाकले.
कडांचे फोटो हवे होते, खरंच हवे होते.
लाकूड तिथं इतकं गुळगुळीत
की रंग खरवडला गेला असं वाटेना,
सरकून त्यानं जागा दिली असावी.

आर्द्रतेचा काटा दोन घरं वर चढला.
नोंद केली : सहा वाजून बारा मिनिटं, वाढ.
कारणांची यादी उघडली.
माझा श्वास त्यात नाही.
किंवा असेल, खाली, अजून खाली,
मी सरकवते आहे,
दिवे मालवायचे राहिलेत.