चौथा सड

यंत्र आलं तेव्हा तान्हा पोळा होऊन चार दिवस झाले होते,
लेकीचा लाकडी बैल अजून ओट्यावर उभा होता.
खोक्यातून निघाली एक मोटर, झाकणाची बादली,
काळ्या नळ्या, आणि चार पेले, कासेला लावायचे.
सासूबाईंनी नळी उचलून पाहिली.
"हे का गाय दोहते? हे तं दवाखान्याचं सामान हाये."

माझी बोटं तेव्हा रात्री झोपत नव्हती.
एकोणीस वर्षं, दोन वेळा, सहा गाई.
सकाळी लेकीची वेणी घालायला बसले
की तिसऱ्या पेडाशी मूठ अडायची,
आणि ती अर्धी वेणी घेऊनच शाळेत जायची.
म्हणून एक कालवड विकली
आणि कोठ्यात ही टक-टक आणली.

टक-टक. दाबते, सोडते, मिनिटाला साठ वेळा.
वासराच्या जिभेची नक्कल आहे म्हणे.
शिकवायला आर्वीहून हर्षद भोंगाडे आला होता.
"काटा इथंच ठेवा, पुढं गेला तं सडाचं तोंड सुजते.
अन् दूध सरलं का लगेच काढा, वहिनी,
रिकाम्या कासेवर चालू ठेवू नका."
हे वाक्य मी त्या दिवशी
कुटार कालवताना दोनदा म्हणून पाहिलं.

पहिल्या आठवड्यात गुलाबी नवावरून सहावर आली.
पान्हा चोरायची. मोटर सुरू झाली की
शेपटी ताठ, डोळे दाराकडे.
मग मी मोटर भिंतीपलीकडे नेली,
कोमट फडक्याने कास पुसली, मिनिटभर चोळली,
पहिल्या चार धारा काळ्या वाटीत पाहिल्या,
आणि पहाटे पाच म्हणजे पाच.
पोळ्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेनऊ.
फॅट तीन-सहावरून चार-एक.

गाव म्हणालं, मशीननं दूध वाढवलं.
खरं सांगायचं तर, ते शेवटचं अर्धा लिटर होतं,
सगळ्यात दाट,
जे माझी दुखरी बोटं रोज कासेतच सोडून उठायची.
मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.
गाईला ठाऊक होतं.

कवळी मात्र बधली नाही.
गवळाऊ ती, पांढरी, शिंगांची.
वासरू ढुशी देईल तेव्हाच पान्हा,
नाहीतर लाथ, आणि पेला थेट ढेपेच्या पोत्यावर.
ती अजून हातानेच. तिचं एकटीचं दोन लिटर घरात राहतं.

माघात केंद्रावरून कॅन परत आला.
अठ्ठावीस लिटर. बाईने वाटीत द्रव टाकून दाखवला,
दूध चिकट झालं, नाकातल्या सर्दीसारखं.
"दगडी हाये कोणाले तरी."
घरी येऊन एकेका गाईखाली बसले.
गुलाबीच्या मागच्या उजव्या सडात, वर,
तुरीच्या दाण्याएवढी गाठ.
यंत्राने तो सड बाकीच्या तिघांसारखाच ओढला होता,
त्याच तालात, आठ दिवस.
त्यात त्याचा दोष नाही. त्याला बोटं दिलेली नाहीत.
आणि मी काळ्या वाटीत पाहणं
संक्रांतीच्या गडबडीत सोडून दिलं होतं.

पाच दिवस इंजेक्शन, आणखी चार दिवस दूध वेगळं.
रबरं उकळत्या पाण्यात, मग सावलीत उलटी टांगलेली,
बाळंतिणीच्या घरच्या कपड्यांसारखी.

आता पेला लावण्याआधी मी हात लावते,
पुढचे दोन, मागचा डावा,
आणि चौथ्या सडाशी थोडं थांबते.
गाठ विरली. तिथली धार बारीकच राहिली.
सासूबाई दारातून विचारतात,
"हातच लावाचा होता तं मंग मशीन कायले घेतली?"
मी काही म्हणत नाही.
साडेसहाला लेक ओट्यावर बसते, पाठ माझ्याकडे करून.
पहिला पेड, दुसरा, तिसरा.
"आई, जरा सैल घाल," ती म्हणते, "ओढते."