वरचे चार

वजनमापे खात्यात असताना वर्षातून एकदा
केप्यापासून परोड्यापर्यंतच्या सगळ्या तावेर्नांत जायचो.
स्कूटरच्या डिकीत काचेचं नळकांडं, शिक्का, पावतीपुस्तक.
घरी सांगायचो, फिल्डवर आहे.

प्रत्येक ठिकाणी आधी माप, मग चव.
चव नियमात नव्हती.
इनासकडचा हुर्राक मार्चअखेरीस,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची,
आणि बोंडूंचा वास शर्टाला दोन दिवस.
रोमाल्डकडे माडाची फेणी, जुनी.
बाटली हलवून तो कडेची मोत्यांची माळ दाखवायचा,
ती फुटेपर्यंत कुणी बोलायचं नाही
असा त्याचा दंडक.
दाम्यांवकडे फक्त बिअर, तीही कोमट.
फ्रीज त्याने मासळीला दिला होता.

शेवटचं पिएदादीचं.
पाटी नाही, दारात केळीचा घड,
आत दोन बाकं, सांत आंतोनीसमोर लाल बल्ब,
फळीवर अंड्यांवर बसलेली कोंबडी.
माप पितळेचं, पोट पुढे आलेलं.
नळकांड्यात ओतलं : चौसष्ट.
पुन्हा ओतलं.
चौसष्ट.

कमी भरलं तर काय करायचं ते मला पाठ होतं.
जास्तीचं कलम शोधत पानं उलटत राहिलो,
घाम पुसत.
शेवटी विचारलं, बाई, परवडतं कसं?
ती बाकाकडे बघत म्हणाली,
"हात कांपतात रे तांचे.
तोंडामेरेन पावसर चार थेंबे सांडटात."

बाकावर एक म्हातारा रेंदेर होता,
चाळीस वर्षं माडांवर चढलेला.
ग्लास दोन्ही हातांनी धरून बसलेला,
जणू आत कुणी झोपलंय.

मी 'बरोबर'चा शिक्का मारला.
नोकरीतला खोटा शिक्का तेवढाच.
(आणखी एक होता, पेट्रोलपंपाचा,
पण त्याची गोष्ट वेगळी.)

निवृत्तीला आता अकरा वर्षं.
काल मुलाने परोड्यापर्यंत सोडलं,
स्वतः गाडीत फोन बघत बसला.
गल्ल्यावर पिएदादीची सून.
फळीवर कोंबडी नाही, मोबाइलचा चार्जर.
माप तेच, पोट आणखी सुटलेलं.
बाटली कुठली हवी ते मी सांगितलं,
पैसे मोजताना एक नाणं खाली पडलं,
दुसरंही.
तिने मला ओळखलं नाही.
नुसतं हातांकडे पाहिलं,
आणि ओतताना
साठावर थांबली नाही.