मोरीचे गोचीड

गोचीड काढताना पिळायचा नाही,
डोकं आत राहतं, सुपडूआप्पाने शिकवलं.
चिमटा तिरपा धरायचा,
मोरीच्या कासेजवळ, जिथे कातडी पातळ
आणि तिला गुदगुल्या होतात.

बाटलीत एकोणीस. एरंडीच्या बियांसारखे टच्च.
साक्री-धुळे एसटीत बाटली माझ्या मांडीवर.
शेजारची बाई विचारते, "काय शे वो त्यामा?"
मी म्हणते, एरंडी.

प्रयोगशाळेत दुपारी चव्वेचाळीस अंश,
पंखा लावला की तराजूचा काटा नाचतो.

नस हाक मारते.
एक विकर ती हाक पुसून टाकतं,
म्हणून पुढची ऐकू येते.
ते अडवलं की हाका साचत जातात,
अंग थरथरतं, फेस येतो,
मग काहीच नाही.
गोचीड असो, गोमाशी असो, गाय असो,
की गाय धुणारा माणूस.
जुन्या औषधाला कुणाची ओळख नव्हती.
आप्पाचं वासरू त्याने दुपारच्या आत नेलं.
ती बादली अजून गोठ्यामागे पालथी आहे,
तिच्यात कुणी पाणी भरत नाही.

मी शोधते फक्त एक फरक.
विकराच्या पोटात अरुंद दरी,
मोरीतही तशीच, माझ्यातही.
पण गोचिडाच्या दरीच्या तोंडाशी
गंधकाचा एक अणू उघडा,
दाराबाहेर विसरलेल्या चपलेसारखा.
त्या चपलेत पाय घालील
असा रेणू हवा.

सत्ताविसावा कुणालाच लागला नाही.
एकतिसावा सगळ्यांना लागला.
अडतिसावा पाण्यात विरघळायलाच तयार नाही,
नळीच्या तळाशी बसला,
नांगराला न जुंपणाऱ्या गोऱ्ह्यासारखा.

आज त्रेचाळिसावा.
मोरीच्या रक्ताच्या नळीत पिवळा रंग चढतो,
म्हणजे विकर चालू.
गोचिडाच्या नळीत पाणी निवळच्या निवळ.
मी तीनदा करते.
चौथ्यांदा रूपालीला करायला लावते
आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहते.
"मॅडम, इकडे पिवळं. तिकडे नाही."

आप्पाला फोन लावते.
"मरी ग्यात का?"
नळीत, आप्पा. गोठ्यात अजून नाही.
गोमाशीवर तर पाहिलंही नाही.
"कितला वरीस?"
सहा. सात म्हणा.
"तवपावत मोरी ऱ्हाई का?"

मी काही बोलत नाही.
फोनमधून शेपटीचा फटका ऐकू येतो,
पाठोपाठ तीच भुणभुण.
नेम चुकला असणार.